खंडेनवमीची काठी

११ ऑगस्ट, हेंद्रेपाडा

दादा,

शाळेत पत्र शिकवलेलं तेव्हा वरती तीर्थरूप असं काहीतरी लिहायचं होतं. ते मोठ्या भावाला लिहितात की फक्त वडिलांना, ते मी विसरले. म्हणून नुसतं दादा.

पत्ता कुमुदिनी आत्याने दिला. तिला ओरडू नकोस, मीच तिच्या मागे लागलेले. तू सगळ्यांना ब्लॉक केलंस, मला पण केलंस. मी काय केलेलं ते मला कळलं नाही, पण जाऊदे. फोन लागला असता तरी मी बोलले नसते हे तुला माहितीय. फोनवर माझं हो, हं, नाही एवढंच होतं. कागदावर जमतं. समोर कोण बघत नसतं.

आई बरी आहे. मी उल्हासनगरला, कॅम्प एकला जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगला जाते. पप्पा सकाळी स्कूटीवर सोडतात आणि तिथूनच पुढे राजूशेठच्या स्नूकर पार्लरला जातात. कंपनी सोडल्यापासून त्यांचं दुसरं काय आहे. आई म्हणते आधी ड्युटीवरून पार्लरला जायचे, आता पार्लरचीच ड्युटी.

लिहायचं कारण वेगळं आहे. फुलवाल्यांच्या अल्पेशने पप्पांकडे दसऱ्याची फ्रेम मागितलीय.

तुला सगळं माहितीय तरी लिहिते, म्हणजे माझं मला नीट समजतं. खंडेनवमीला पार्लरचे जयदेवकाका सगळ्यांच्या खेळायच्या काठ्या एक नंबरच्या टेबलावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि त्या दिवशी कोणी खेळत नाही. मधोमध जी काठी असते तिचा मालक दसऱ्याला सकाळी ती उचलतो आणि पहिली फ्रेम, म्हणजे पहिला डाव खेळतो, जो मागेल त्याच्याशी. जो जिंकेल त्याची काठी पुढच्या वर्षी मधे. मला समजायला लागल्यापासून मधे आपल्या पप्पांचीच काठी आहे.

यावर्षी पप्पा म्हणतात काठी ठेवणारच नाहीत. वाकडी झालीय, खोटी वस्तू पूजेत ठेवत नाहीत, म्हणे. पार्लरची कुठलीही काठी घेऊन खेळतील. आणि दादा, पार्लरच्या काठीने ते हल्ली शाळेतल्या पोरांशी पण हरतात.

मे महिन्याचं मला लिहायचं नव्हतं. पण तू घर सोडून गेलास तरी पप्पा अजून सगळ्यांना तेच सांगतात. तू काठी गच्चीवर टाकीला टेकवून उन्हात ठेवलीस, म्हणून ती वाकली, म्हणून त्यांचा काळा बॉल होलच्या तोंडावरून चुकला. तू पार्लरमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास मी काठी गच्चीवर नेलीच नाही. आणि त्यांनी तुझी कॉलर धरली, 'तुला माझी जागा पाहिजे म्हणून केलंस' म्हणाले. मी तिथे नव्हते, पण कॅम्प एकमध्ये एवढ्या लोकांनी मला सांगितलंय की आता मला स्वतः बघितल्यासारखं आठवतं.

काठी कपाटावर आहे, चादरीत गुंडाळून. त्यांनी टाकली नाहीय.

तू ये. खंडेनवमी १ ऑक्टोबरला आहे. ते हरले तर परत टेबलाजवळ जाणार नाहीत, असं ते आईला म्हणाले, जेवताना, जसं काय मीठ कमी आहे सांगतायत. मग दिवसभर काय करतील ते? भिंतीकडे बघत बसतील. मला त्याची भीती वाटते.

जिगू


२२ ऑगस्ट, हेंद्रेपाडा

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. आत्या म्हणाली पत्र पोचलं, वाचलंस का ते तिला माहीत नाही.

स्कूटीवर मला आता सारखं बोलावं लागतं. मला. तू हसशील. पप्पा म्हणतात, "मागं मुकी बसू नको, बोलत र्‍हा, मला झोप येते." काय बोलू विचारलं तर म्हणाले, "रस्त्यात काय दिसतं ते सांग." मग मी सांगते. पप्पा पुढे खड्डा. पप्पा टेम्पो उभा आहे. पप्पा म्हातारी क्रॉस करतेय. वर्गात उभं राहून वाचायला लावायचे म्हणून मी नववीत शाळा सोडली, आणि आता बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत अख्खा रस्ता वाचून दाखवते.

घरी राडा झाला. आईने गणपतीच्या आधी किचनला टाइल्स लावून घेतल्या, बाळा मिस्त्रीकडून. पप्पा आत आले, बघितलं आणि सुरूच झाले. "ही लाइन काय मारलीस रे? साप गेल्यासारखी आहे." बाळा मिस्त्री बिचारा ओळंबा घेऊन आला, दोरी सोडून दाखवली. म्हणाला, "हिरामणदादा, बघा, केसाचा फरक नाही." पप्पा जवळ गेले, लांब गेले, म्हणाले, "तुझा ओळंबाच खोटा." बाळा मिस्त्री आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, जाऊद्या, यांचं डोकं हल्ली असंच आहे. शुगरची गोळी बंद केलीय, कोणाचं ऐकत नाहीत.

मला लाइन चांगली वाटली.

मंगळवारी कारखान्यात लाइट नव्हती म्हणून पप्पा मला पार्लरमध्येच घेऊन गेले. कूलरजवळच्या बाकड्यावर बसवलं. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले, कारण सगळे बघत होते. अल्पेश तू होतास तेव्हापेक्षा उंच झालाय. त्याच्याबरोबर तो सोनू असतो, सारखा बडबडणारा. सोनू पप्पांना म्हणाला, "काका, आज स्टिक वाकडी की टेबल वाकडं?"

पप्पा म्हणाले, "तुझं तोंड वाकडं."

सगळे हसले, पप्पा पण हसले. मग वाकले आणि चुकवला. सोपा होता, मला पण कळलं. कोणीच हसलं नाही. ते हसले नाहीत ते जास्त वाईट होतं.

आणि दादा, ते आधीसारखे खेळतच नाहीत. तो लांबचा पॉट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जो मारून ते बॉल पडायच्या आधीच पाठ फिरवायचे, तो आता घेतच नाहीत. पांढरा बॉल कुठेतरी लपवून ठेवतात आणि समोरचा चुकायची वाट बघतात. जयदेवकाका टेबल पुसता पुसता माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी सत्तरीचा आहे पोरी, रोज हरतो. लांबचा तर मला दिसत पण नाही, तरी मारतो, मजा येते. तुझ्या बापाचं वय नाय झालं. पण तो हरायला नको म्हणून खेळतो. तसं नाय खेळता येत."

तू असतास तर ते तुझ्याशी भांडले असते. भांडायला तरी उठले असते.

जिगू


१२ सप्टेंबर, हेंद्रेपाडा

दादा,

चॉक मिळाला. पाकीट मी आत्यासमोर तीनदा उलटं करून झटकलं, पत्र नव्हतं आत. काठीच्या टोकाला लावायच्या निळ्या चॉकचा एक चौकोन फक्त. पण तोच, पप्पांचा ठरलेला. म्हणजे तू वाचतोस.

पप्पांना सांगितलं जयदेवकाकांनी दिला. त्यांनी बोटात फिरवून बघितला, वास घेतला, आणि शर्टाच्या खिशात टाकला. वापरला नाही. खिशातच आहे अजून, मी बघितलं, शर्ट धुवायला टाकताना दुसऱ्या शर्टात ठेवतात.

अक्षर खराब आलंय, उजवा हात जरा दुखावलाय. कारखान्याच्या शटरमध्ये अडकला. काही नाही, बरा होतोय.

गणपती गेल्यापासून आम्ही कारखान्याच्या आधी पार्लरला जातो. तेव्हा जयदेवकाका झाडू मारत असतात, दुसरं कोणी नसतं. पप्पांना पोरांसमोर प्रॅक्टिस करायची नाहीय. पहिल्याच दिवशी म्हणाले, "जिगू, त्या होलच्या मागं उभी राहा."

मी म्हणाले, "पप्पा, लाइनीत उभं राहत नाहीत ना?"

तूच सांगितलेलंस मला, मी लहान असताना एकदा मधे आलेले तेव्हा. खेळणाऱ्याच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही, हलायचं नाही, हे टेबलाचं पहिलं मॅनर्स.

"मी सांगतो ना. उभी राहा. बोट धर होलवर. हलवू नको."

मग मी होलवर बोट धरून उभी राहते आणि ते माझ्या बोटाकडे बघून मारतात. एवढा वेळ माझ्याकडे कोणी बघितलेलं मला सहन होत नाही, पण ते माझ्याकडे नाही, बोटाकडे बघतात. एक डोळा बारीक करतात. कपाळावर घाम येतो, पंखा चालू असताना. मारतात. बॉल येतो आणि माझ्या बोटाच्या बाजूला, डाव्या कडेला लागून परत जातो. परत लावतात. परत डावी कड.

सगळे म्हणतात वय झालं, हात थरथरतो. मी जवळून बघते ना. हात थरथरत असता तर बॉल कधी इकडे गेला असता, कधी तिकडे. सगळे एकाच बाजूला कसे जातील?

हे मी जयदेवकाकांना विचारणार होते. ते समोरच होते. मी दोनदा तोंड उघडलं. मग त्यांनीच विचारलं, "चहा पाहिजे का?" मी हो म्हणाले.

घरी येताना पप्पा अंबरनाथच्या सिग्नलला थांबले आणि म्हणाले, "बघ, हा खांब किती वाकलाय, कोणावर पडेल एक दिवस."

दादा, खांब सरळ होता.

जिगू


२४ सप्टेंबर, हेंद्रेपाडा

दादा,

शटर खोटं होतं.

आईला सांगू नकोस, म्हणजे तू तिच्याशी बोलत नाहीस तरी. शिवमंदिराच्या रस्त्याला वळताना झालं. मी म्हणाले, पप्पा डिव्हायडर. ते म्हणाले, दिसतोय. आणि गाडी सरळ त्याच्यावरच नेली. मी हातावर पडले. त्यांना काही झालं नाही, गाडीचा आरसा तुटला. लोक जमले तेव्हा ते म्हणाले कुत्रा आडवा आला. कुत्रा नव्हता. असता तर मी सांगितला असता ना, तेच तर काम आहे माझं.

मग त्यांनी मला मेडिकलमध्ये नेऊन पट्टी बांधली, उसाचा रस पाजला, आणि ग्लास हातात असताना म्हणाले, "आईला शटर सांग." मी त्यांच्याकडे बघितलं तर ते रस्त्याकडे बघत होते. घाबरलेले. पप्पा घाबरलेले मी कधी बघितले नव्हते, कंपनीत आग लागलेली तेव्हा पण नाही.

आज दुपारी घरी कोणी नव्हतं. मी स्टुलावर चढून काठी खाली काढली. दोन्ही भाग जोडले. तूच शिकवलेलंस, सपाट जागेवर लोटायची, वाकडी असली की टोक नाचतं. ओटा पुसला, काठी कडेला ठेवली आणि हळू ढकलली.

टोक नाचलं नाही.

मी परत ढकलली. उलटी करून ढकलली. ती गुपचूप जाऊन भिंतीला लागते आणि बाळा मिस्त्रीच्या टाइल्सच्या लाइनीला लाइन लावून थांबते. अशी की मधे कागद पण जाणार नाही.

वाकडं काहीच नाहीय दादा. काठी नाही, टाइल्स नाहीत, ओळंबा नाही, खांब नाही. त्यांना दिसतंच वाकडं. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटतं की तू काठी वाकवलीस. मी काठी तशीच जोडलेली गुंडाळून वर ठेवली आणि ओट्याजवळ बसून राहिले.

आता कोण सांगणार त्यांना? आईला सांगितलं तर ती विचारणार तुला कसं कळलं, मग शटर निघणार, मग घरात काय होईल तुला माहितीय. मी सांगायला जाते आणि तोंडातून 'पप्पा पुढे खड्डा' एवढंच निघतं.

आणि ते अजून मला रोज स्कूटीवर नेतात. मी नाही बसले तर एकटे जाणार. मग खड्डा कोण सांगणार? म्हणून मी बसते. पायाचे अंगठे पण आवळून बसते. काल एक शाळेची रिक्षा समोरून आली, पोरांनी भरलेली, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की पप्पांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "आवाज हाय की तुला." हसले. मला रडू येत होतं.

ये ना. नाहीतर फोन कर त्यांना आणि भांड. तू म्हण काठी लोटून बघा. एवढंच म्हण.

जिगू


१ ऑक्टोबर, हेंद्रेपाडा

दादा,

तू आला नाहीस. मी दहा वाजेपर्यंत दरवाजाकडे बघत होते.

पप्पा लवकर गेले, एकटे. आमच्या कारखान्यात पण मशिनींची पूजा होती म्हणून मला सुट्टी. आई म्हणाली चकल्यांना बस माझ्याबरोबर. मी हो म्हणाले. ती अंघोळीला गेली आणि मी काठी काढली. विचार करून नाही काढली. विचार केला असता तर नसती काढली.

शेअर रिक्षात काठी मावत नव्हती, माझ्या डोक्यावरून बाहेर आलेली, चादरीत गुंडाळलेली. एका काकूंनी विचारलं, काय आहे गं हे. मी म्हणाले काठी. त्या जरा सरकून बसल्या.

पार्लरमध्ये सगळे होते. एक नंबरच्या टेबलावर काठ्या मांडलेल्या, अल्पेशच्या दुकानातला झेंडू. त्यांचं शिवमंदिराजवळ बेलफुलांचं दुकान आहे, दरवर्षी फुलं तोच आणतो. मधे जयदेवकाकांनी जागा रिकामी सोडलेली. एका काठीएवढी. पप्पा कूलरजवळ उभे होते आणि त्या जागेकडे बघत नव्हते.

मी आत गेले. सगळ्यांनी वळून बघितलं. मी चादर सोडली, काठी बाहेर काढली, हात ओले झालेले म्हणून दोनदा सुटली, आणि मधे ठेवली.

पप्पा म्हणाले, "कोणी सांगितलं आणायला?"

मी झेंडूकडे बघत राहिले.

"उचल. खोटी वस्तू पूजेत ठेवत नाय. उचल म्हणतो."

जयदेवकाका म्हणाले, "पोरीवर ओरडू नको हिरामण. सणाचा दिवस."

"मग तिला सांगा उचलायला. माझ्या पोरानं वाया घालवली ती. सगळ्यांना माहितीय."

आणि मी बोलले. स्कूटीवर बोलते तशीच, पुढे बघून. "पप्पा, काठी सरळ आहे."

माझाच आवाज मला कोणातरी दुसऱ्याचा वाटला.

पप्पा एवढे लाल झाले. राजूशेठ गल्ल्यावरून उठून आले, म्हणाले, "अरे साईं, झगडा क्यूं? लोटून बघ ना. दो मिनट का काम."

जयदेवकाकांनी काठी उचलली, कपाळाला लावली आणि दोन नंबरच्या रिकाम्या टेबलावर ठेवली. सगळे जमा झाले. त्यांनी तळहाताने हळू ढकलली. काठी गेली. हिरव्या कापडावरून, आवाज न करता. टोक एका जागी.

पप्पा वाकून बघत होते. म्हणाले, "हे बघा. नाचतंय. बघितलं?"

सगळे काठीकडेच बघत होते.

"परत लोटा."

परत लोटली.

"दिसत नाय का तुम्हाला? किती नाचतंय ते." मग त्यांनी वर बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे. राजूशेठ, जयदेवकाका, सोनू, मी. दादा, मला तिथून पळून जायचं होतं. सोनूला हसू यायला लागलं तर अल्पेशने त्याच्या डोक्यात टपली मारली, त्याच्याकडे न बघताच.

पप्पा म्हणाले, "सगळे मिळून मला येडा बनवताय."

अल्पेश म्हणाला, "काका, डावा डोळा मिटा एकदा."

"कशाला?"

"मिटा तर. आमच्या गोदूबाय आजीला दाराची चौकट वाकडी दिसायची. सुताराला शिव्या घालायची रोज. मिटा ना, काय जातंय तुमचं."

मला वाटलं आता मारतील त्याला. पण पप्पांनी डावा डोळा मिटला. आणि तसेच उभे राहिले. मग उघडला. परत मिटला. काठीकडे बघितलं, मग टेबलाच्या कडेकडे, मग वरच्या ट्यूबलाइटकडे. मग काठी हातात घेऊन डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघितली, बंदुकीसारखी. त्यांचं तोंड उघडं राहिलेलं.

त्यांनी स्वतः ती एक नंबरच्या टेबलावर नेली आणि मधे ठेवली. दोन फुलं बाजूला सरकवली, आणि बाहेर गेले. समोरच्या चहावाल्याकडे जाऊन पाठ करून उभे राहिले. चहा घेतला नाही. जयदेवकाका म्हणाले जाऊ नको त्याच्या मागं, थांब जरा. मी थांबले.

घरी यायला निघालो तेव्हा पप्पांनी गाडीला चावी लावली, मग काढली, परत लावली. आम्ही आलो. मी नेहमीसारखा रस्ता वाचत होते. त्यांनी एक डोळा मिटलेला, आरशात दिसत होतं. एका बाजूचाच आरसा राहिलाय.

उद्या फ्रेम आहे. खेळणार की नाही ते बोलले नाहीत. पोस्ट उद्या पण बंद, हे आणि पुढचं एकत्रच पाठवीन.

जिगू


४ ऑक्टोबर, हेंद्रेपाडा

दादा,

ते खेळले.

दसऱ्याला सकाळी चष्म्याच्या डाव्या काचेला चिकटपट्टी लावली, आईच्या समोर. आईने विचारलं हे काय. म्हणाले, सांगतो आल्यावर. तिने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल घालत होते.

पप्पांनी मधली काठी उचलली, झेंडूची पाकळी फुंकून टाकली. मग खिशातून चॉक काढला. तुझा. पहिल्यांदा लावला. जयदेवकाका बघत होते, म्हणाले, "भारी चॉक आणलास." पप्पा म्हणाले, "तुम्हीच दिलात ना." जयदेवकाका गोंधळले. पप्पा माझ्याकडे न बघता टोकाला चॉक घासत राहिले.

ब्रेक नीट बसला नाही. पण त्याच्यानंतर दादा, त्यांनी लांबचा घेतला. पहिलाच. सोपा दुसरा होता मधल्या होलजवळ, तो सोडून. खाली वाकले, गुडघ्याचा आवाज मला इथपर्यंत आला. मारला. पडला नाही, होलच्या कडेला लागून फिरला. जयदेवकाकांनी टाळी वाजवली. सोनू म्हणाला, "चुकला ना, टाळी कसली?" काका म्हणाले, "तुला नाय कळणार."

नंतर त्यांनी चार घातले एकामागे एक. एका डोळ्याने बॉल जवळ की लांब ते कळत नाही वाटतं, प्रत्येक वेळी टेबलाला फेरी मारून दोन बाजूंनी बघायचे, मग वाकायचे. अल्पेशने पण सोडलं नाही, तो त्याचा खेळ खेळला. शेवटी फक्त काळा राहिला आणि पाळी पप्पांची. मे महिन्यातलंच होल. बॉल तेवढा जवळ नव्हता, पण होल तेच. पांढरा लांब, कडेला चिकटवून ठेवता आला असता. आधीसारखी वाट बघितली असती तर अल्पेश अडकला असता, असं सगळे नंतर म्हणाले.

मी सवयीने त्या होलच्या मागे जाऊन उभी राहिलेले. पप्पांनी वाकून बघितलं, मग सरळ झाले. म्हणाले, "जिगू, लाइनीतून बाजूला हो."

मी झाले.

मारला. यावेळी उजवीकडे चुकला, एवढासाच. अल्पेशने घातला.

मी पप्पांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, भीती वाटत होती. मग आवाज आला. ते हसत होते. म्हणाले, "उजवी कड तेवढी राहिली होती माझी." अल्पेशने वाकून त्यांच्या पायाला हात लावला तर त्याला उठवून म्हणाले, "पुढल्या वर्षी मधे तुझी. माझी कडेला ठेव. पण ठेवायची. मी आणणार."

गाडीजवळ आलो. मी मागे बसायला पाय उचलला. त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

"मला कुठे चालवता येते?"

"म्हणूनच तुझ्याकडं ठेव."

गाडी तिथेच सोडून रिक्षाने आलो. मी बोलले नाही, गरजच नव्हती. अंबरनाथ गेल्यावर ते म्हणाले, "काय लिहितेस गं तू त्याला?"

मी म्हणाले, "असंच."

"माझं एक वाक्य घाल."

"काय?"

रिक्षावाल्याने दोघांना उतरवलं, एकाला घेतलं. मग म्हणाले, "लिही, काठी सरळ आहे."

"अजून काय लिहू?"

"एवढंच."

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, मी, आई, ते. आईला सगळं सांगितलं त्यांनी, शटरपण. ती अजून माझ्याशी बोलत नाहीय, चकल्या देते फक्त. डॉक्टरांनी चौकोनांच्या जाळीचा एक कागद दाखवला, विचारलं कुठे वाकडं दिसतं. पप्पा बोटाने दाखवत राहिले, इथे, इथे, आणि इथे. शुगरमुळे डोळ्याच्या मागे सूज आलीय म्हणाले. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, महिन्याला एक. सुधारेल, पण आधीसारखं दिसेल असं लिहून नाही देणार म्हणाले. तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पप्पांनी विचारलं, काठीला? डॉक्टरांना वाटलं चालायची काठी, म्हणाले, एवढ्यात गरज नाही लागणार. आई तिथे हसली, पहिल्यांदा.

पहिलं इंजेक्शन दिवाळीच्या आधी आहे.

स्कूटी कॅम्प एकला पार्लरच्या दारात उभी आहे. राजूशेठ रोज फोन करतो, "साईं, गिऱ्हाईक को जगह नहीं मिलता, गाडी ले जाओ." पप्पा चालवणार नाहीत, आईला येत नाही, मला येत नाही. अल्पेश आणून देतो म्हणाला, पप्पांनी नको सांगितलं. दुसरी चावी नाहीच, ती तू दहावीत असताना कोंडेश्वरला हरवलीस.

जी आहे ती मी या पाकिटात टाकतेय.

जिगू